पोरगं घरी बसलंय, झोप आई-बापाची उडालीय: घरच्यांनी टप्प्याटप्प्यानं काय करायचं

सोलापुरात हे दुखणं डॉक्टरपुढे सरळ कुणी मांडत नाही. छातीत धडधडतंय, रात्री तीनला जाग येते ती येतेच, गोळी चालू असून शुगर वर आहे, मान धरलीय, अशा तक्रारी पुढे येतात. तपासणी होते, गोळी वाढते. मग उठून चप्पल घालता घालता आई म्हणते, "पोरगं घरी बसलंय हो डॉक्टर, दोन वर्षं झाली." सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच असते आणि केस पेपरवर नेमकी ती लिहिली जात नाही.

पोराला नोकरी कशी लावायची, हे या लेखात नाही. त्यासाठी महास्वयम पोर्टलवर नोंदणी करा, जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन या, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात काही बसतंय का ते विचारा. इथं बोलायचंय ते आई-बापाबद्दल. समुपदेशनाच्या कामात मी एक वाक्य सारखं ऐकते: "त्याचं एकदा मार्गी लागू द्या, मी आपोआप बरा होतो." माझं सांगणं याच्या उलट आहे. नोकरी कधी लागेल ते तुमच्या हातात नाही. झोप, ब्लडप्रेशर, घरातली बोलाचाली यांतलं बरंचसं तुमच्या हातात आहे. दोन्ही एकाच खुंटीला टांगून ठेवू नका.

हे आई-वडिलांनी वाचावं, आणि ज्याला नोकरी नाही त्यानंही. घरातल्या कमावत्या भावंडानं तर नक्कीच, कारण बऱ्याचदा सगळ्यांना धरून ठेवायचं काम त्याच्याच गळ्यात पडतं.

पहिलं काम: दुखणं ओळखायचं

आपल्याकडे साठीच्या माणसाला "मला उदास वाटतंय" असं म्हणायची सवय नाही. त्याच्या वतीनं शरीर बोलतं. म्हणून मन कसं आहे ते विचारण्याआधी या गोष्टी बघा. झोप लागते पण पहाटे तीन-चारला मोडते आणि मग डोक्यात चक्र सुरू होतं का? जेवण कमी झालंय का, की उगीच वाढलंय? पाठ, मान, डोकं सतत दुखतंय आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल येतात का? आवडीच्या गोष्टी सुटल्यात का? रोज पार्क चौकापर्यंत फेरी मारणारे वडील आताशा गेटबाहेर पडत नाहीत, भजनाला जाणारी आई "गुडघे दुखतात" म्हणून घरीच थांबते, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका.

बाप आणि आई यांच्यात हे वेगवेगळं दिसतं. वडील चिडके होतात. बल्ब चालू राहिला, गेट उघडं राहिलं, पोरगं नऊला उठलं, एवढ्यावरून आवाज चढतो. काहींचा मावा वाढतो, काहींची संध्याकाळची बाटली. ही चीडही उदासीचंच रूप असू शकते, हे घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. आई बहुधा अंगावर काढते. उपवास वाढवते, सिद्धेश्वराला नवस बोलते, स्वतःच्या गोळ्या दिवसाआड घेते. श्रद्धेला माझी हरकत नाही. बीपीच्या गोळीच्या जागी नवस येतो तिथं मात्र आहे.

साधी कसोटी अशी: रोज, दिवसाचा बराच वेळ, सलग दोन आठवडे मन खिन्न असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांतलं काही बिघडलं असेल, तर ती नुसती काळजी राहिलेली नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं. काळजी करणारा माणूस काळजीतही नातवाबरोबर हसतो, सामना बघतो, कुणी शेंगा पोळी दिली तर चवीनं खातो. ज्याला तेही जमेनासं झालंय, त्याचं प्रकरण वेगळं आहे.

एक कागद घ्या आणि आठवडाभर लिहा: किती वाजता झोपले, कितीला जाग आली, जेवले का, बाहेर पडले का, घरात आवाज चढला का. पुढे डॉक्टरकडे गेलात तर हा कागद तुमच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याचं काम करील.

बापाला हे एवढं का लागतं

अमेरिकेत केरन फिंगरमन या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या झालेल्या मुलांच्या आई-वडिलांचा अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन मुलांचं उत्तम चाललंय आणि एकाचं अडलंय, अशा घरातही आई-वडिलांच्या मनावर त्या अडलेल्याचा भार राहतो, असं त्यातून दिसलं. म्हणजे "थोरला बेंगळुरूला आहे की, मग काय काळजी" ही समजूत घालून काही होत नाही. थोरल्याच्या पगारानं घर चालेल, रात्री तीनची जाग टळेलच असं नाही.

सोलापूरला याची आणखी एक बाजू आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्यांच्या भोंग्यांवर हे शहर उठायचं आणि जेवायचं. ते भोंगे बंद झाले, तेव्हा घरी बसलेला बाप आज साठीत असलेल्या माणसानं तरुणपणी पाहिलाय. त्यानं पुढे यंत्रमागावर राबून किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाळ्या करून पोराला शिकवलं, आणि आता पदवी घेतलेलं पोरगं त्याच्यासमोर तसंच बसलंय. त्याची चीड फक्त पोरावरची नसते. जुनी भीती परत आलेली असते.

कापडाच्याच एका गावाचा अभ्यास मला इथं आठवतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारियनथालमध्ये गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. १९३० च्या सुमाराला मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल यांनी त्या गावाचा बारकाईनं अभ्यास केला. रस्त्यानं जाणाऱ्या माणसांची चालसुद्धा त्यांनी पाहिली. बेकार पुरुष सावकाश चालत, मध्ये मध्ये थांबत. बायकांना घरचं काम होतंच, त्या पाय उचलून चालत. वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून जाणारी पुस्तकं कमी झाली. याहोदाबाईंनी पुढे मांडलं की नोकरी पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरची माणसं, आपण कशाचा तरी भाग आहोत ही भावना, समाजात ओळख आणि हातापायांना काम. हे पाच लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. निवृत्त बाप आणि बेकार मुलगा या दोघांच्याही हातून हेच पाच एकदम सुटलेले असतात आणि दोघं एकाच हॉलमध्ये, एकाच पंख्याखाली बसलेले असतात. भांडण होणार नाही तर काय होईल?

दुसरं काम: काळजीचे तीन वाटे करायचे

"काळजी वाटते" हे फार मोघम झालं. निवांत बसून आई आणि वडील यांनी वेगवेगळं लिहावं किंवा बोलावं, की नेमकी कशाची. बहुतेक वेळा तीन वाटे पडतात: पैशाची, लोकांची आणि पोराची. तिन्हींना औषध वेगवेगळं आहे. पैशाच्या काळजीला धीराचे शब्द उपयोगाचे नाहीत, हिशोब लागतो. लोकांच्या काळजीला हिशोबाचा उपयोग नाही, तिथं तोंडात तयार उत्तर लागतं. आणि पोराच्या काळजीला पोराशीच बोलावं लागतं, शेजारणीशी बोलून भागत नाही.

नवरा-बायकोचे वाटे सारखे निघत नाहीत, ही यातली महत्त्वाची गोष्ट. वडिलांच्या कागदावर बहुधा पैसा आणि भावकी वर येते. आईच्या कागदावर "तो जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, रात्रभर मोबाइल" हे वर येतं. मग दोघं एकाच गोष्टीवर भांडतोय असं समजून दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत राहतात.

पैशाचा वाटा

हा आधी घ्या, कारण आकडा कळला की निम्मी भीती उतरते. भीती मोघम असते तोवर मोठी असते.

वहीच्या एका पानावर महिन्याला येणारं लिहा: पेन्शन, भाडं, यंत्रमागाचं उत्पन्न, आईच्या बिड्यांची मजुरी, थोरल्याकडून येणारे. दुसऱ्या बाजूला जाणारं: किराणा, वीजबिल, औषधं, हप्ते आणि पोरावर होणारा खर्च. हा शेवटचा आकडा बहुतेक घरांत कुणालाच माहीत नसतो. परीक्षेच्या तयारीला पुण्यात राहत असेल तर तिथली खोली, मेस, अभ्यासिका, परीक्षा फी, हुतात्मा एक्स्प्रेसच्या खेपा, सगळं धरा. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन महिना १००० रुपये आहे. मिलमधून किंवा कारखान्यातून निवृत्त झालेल्या कित्येकांच्या हाती फार मोठी रक्कम येत नाही. अशा घरात पुण्याचा खर्च कुठून निघतो, हे पोरालाही बघू द्या. त्याला हिशोबापासून लांब ठेवणं म्हणजे लाड करणं नव्हे. त्यानं त्याला लहान मूल करून ठेवल्यासारखं होतं.

मग तीन गोष्टी ठरवा. कशाला हात लावायचा नाही, हे पहिलं: औषधपाण्याची ठेव, राहतं घर आणि आईच्या अंगावरचं शेवटचं सोनं. दुसरं, पोराला दरमहा किती आणि कोणत्या तारखेला द्यायचं. पैसे उघड द्या, वडिलांच्या माहितीनं, शक्यतो त्याच्या खात्यावर. तिसरं, ही रक्कम किती महिने.

उघड द्या असं का म्हणते? शहराच्या पूर्व भागातल्या एका घरी गेले होते. आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती, पानं कापलेली, बाजूला दोऱ्याची रीळ. माझ्याशी बोलता बोलता हात थांबत नव्हते. मुलगा आत आला तशी तिनं भाकरीच्या टोपलीवरचं फडकं जरा सरकवलं. खाली घडी केलेली पन्नासची नोट. त्यानं ती घेतली, मान वर न करता. वडील पलीकडे खाटेवर, डोळे मिटून, जागे. तिघांनाही सगळं माहीत होतं आणि तिघंही लपवत होते. हजार बिड्यांचा हिशोब लावायला बसलेल्या बाईला त्या पन्नासाची किंमत मी सांगायची गरज नाही. पण ते लपवण्याचं ओझं तिला पन्नासापेक्षा महाग पडत होतं. पुढे ठरवून महिन्याच्या ठराविक तारखेला वडिलांच्याच हातून पैसे द्यायला लागले, आणि आईचं डोकं दुखणं कमी झालं असं तिनंच सांगितलं. पैसे तेवढेच होते.

आता एक गोष्ट ठासून. "पोराचं काम करून देतो, साहेब ओळखीचे आहेत, एवढे लाख लागतील" असं म्हणणारा माणूस घाबरलेल्या बापाला बरोबर हुडकून काढतो. शेत विकून, पीएफ काढून दिलेले हे पैसे परत येत नाहीत. नोकरी नाही ती नाहीच, वर लाच द्यायला निघालो होतो म्हणून तक्रार करायचीही लाज. या एका धक्क्यानं आजारी पडलेले बाप मी पाहिलेत. नोकरीच्या नावानं कुणी रोख मागितली, तर घरातल्या तिघांनी सही केल्याशिवाय रुपया हलणार नाही, असा नियम आजच करा.

औषधांवर काटकसर करू नका. कमी पैशांत भागवायचं असेल तर डॉक्टरांना जेनेरिक लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रातून घ्या. घरात ७० वर्षं पूर्ण झालेलं कुणी असेल, तर उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण मिळतं. कार्ड काढायला पोराला पाठवा. काम त्याचं, दिलासा तुमचा.

लोकांचा वाटा

लग्नकार्यात पहिला प्रश्न जेवलात का, आणि दुसरा "धाकटा काय करतोय सध्या?" हा दुसरा प्रश्न टाळायचा म्हणून अक्षता पडल्या की न जेवता निघणारे आई-बाप आहेत. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पाहुणे भेटतील म्हणून फिरकायचं नाही, सोसायटीच्या कट्ट्यावर बसायचं नाही, भिशी सोडायची. एकेक दार असं बंद होत जातं आणि याहोदाबाईंच्या यादीतली "घराबाहेरची माणसं" गळून पडतात. दुखणं इथं वाढतं.

उपाय साधा आहे: उत्तर आधी ठरवून ठेवा. मुलाला विचारून ठरवा, कारण गोष्ट त्याची आहे. उदाहरणार्थ, "परीक्षा देतोय, सोबत अर्धवेळ काम बघतोय. तुमच्याकडं सगळे बरे?" एवढंच. आई, वडील, बहीण सगळ्यांनी हेच म्हणायचं. दुसऱ्या वाक्यात प्रश्न समोरच्याकडे परतवायचा. माणसांना स्वतःबद्दल बोलायला आवडतं, ते लगेच वळतात. कुणी फारच खोदायला लागलं तर "काही काम असेल बघण्यात तर त्याचा नंबर देतो की" म्हणा. दहातले नऊ तिथंच गप्प होतात, आणि दहावा खरंच मदत करतो.

खोटं मात्र सांगू नका. "पुण्याला कंपनीत आहे" असं एकदा म्हटलं की पुढच्या लग्नात पगार सांगावा लागतो, त्याच्या पुढच्या लग्नात स्थळ येतं. खोटं सांभाळण्यात जी ताकद जाते तीही आजारीच पाडते. स्थळांचं म्हणाल तर नोकरीच्या आधी लग्नाचा विषय सहा महिने घरातून हद्दपार करा. दोन चिंता एकमेकींना खतपाणी घालतात.

मुलगी घरी असेल तर लोकांची गाडी वेगळ्या रुळावर जाते. "शिकली ना, मग लग्न करून टाका." बाहेरून दबाव कमी वाटतो, पण आईच्या डोक्यावर दोन्ही येतात: तिचं शिक्षण वाया गेल्याची हळहळ आणि घाईनं कुठंतरी देऊन टाकतोय की काय ही टोचणी. तिच्याशीही खाली सांगितलेल्या पद्धतीनंच बोला. नोकरीऐवजी लग्न हा तिच्या प्रश्नाचा जबाब धरू नका.

पोराचा वाटा: बोलायचं कसं

रोज, जेवताना, ताटावर बसल्यावर हा विषय काढायचा नाही. हा नियम दोन्ही बाजूंनी पाळायचा. त्याच्या बदल्यात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास बोलायचं. घरात नको. दोघं चालत कंबर तलावाकडे जा, किंवा सात रस्त्याला चहाला बसा. बरोबरीनं चालताना बोलणं सोपं जातं, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही.

काय विचारायचं? "काय झालं तुझ्या नोकरीचं" हा प्रश्न नाही, फटका आहे. त्याऐवजी: "या आठवड्यात कुठे कुठे अर्ज गेले?", "कुठं अडलं?", "पुढच्या आठवड्यात माझ्याकडून काय हवं?" आणि एकदा तरी, "तू कसा आहेस?" उत्तर आलं नाही तरी हरकत नाही. "शेजारच्याचं बघ", "आम्ही तुझ्या वयात", "आमच्या जिवावर किती दिवस" ही तीन वाक्यं मात्र वर्षभर कुलपात ठेवा. ती बोलून कुणाला नोकरी लागल्याचं मी पाहिलेलं नाही. बोलणाऱ्याचा बीपी वाढतो आणि ऐकणारा जेवायची वेळ बदलतो, म्हणजे समोर यायला नको.

स्पर्धा परीक्षेची घरं ही स्वतंत्र जात आहे. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत बसता येतं. नियम वाट बघायला परवानगी देतो. आई-बापाचं वय देत नाही. मुलगा २५ चा असताना वडील ५५ चे होते, तो ३५ चा होईल तेव्हा ते ६५ चे असतील आणि तोवर गुडघे, डोळे, पीएफ सगळं वापरून झालेलं असेल. म्हणून बसून लिहून काढा: किती प्रयत्न, कोणत्या महिन्यापर्यंत, आणि त्या तारखेनंतर कोणतं काम. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालवता येतात का तेही बघा. अर्धवेळ शिकवणी, दुकानात हिशोब, ॲप्रेंटिसशिप. तारीख मुलानं स्वतः घालायची. बापानं घातली तर ती नोटीस होते. आणि तारीख येईपर्यंत रोज उठून "अजून किती" असं विचारायचं नाही, कारण तारीख घालण्याचा फायदा तोच: मधल्या काळात आई-बापाला शांत झोपता यावं.

मुलांसाठी इथं दोन ओळी. तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ आई-वडील सगळ्यात वाईट लावतात. "आज दोन ठिकाणी फोन केले, उद्या चिंचोळी एमआयडीसीत जाऊन येतो" एवढं आपणहून सांगितलंत तरी घरातली हवा बदलते. तुम्ही खोलीत दार लावून बसलात की बाहेर आई दर दहा मिनिटांनी कानोसा घेते, हे तुम्हाला माहीत नसतं.

घरातला दिवस

नोकरी नसली तरी त्या पाच गोष्टींपैकी निदान तीन घरात उभ्या करता येतात. उठायची वेळ सगळ्यांची एक, सुट्टी फक्त रविवारी. मुलाकडे घरातलं एक ठरलेलं, बिनचूक काम, "जरा हातभार लाव" असलं मोघम नको. पाणी काही दिवसांआड येतं, तेही अवेळी. मोटर लावायची, टाकी, पिंप, हंडे भरायचे, ही रात्र त्याची. वडिलांना तपासणीला न्यायचं, बँकेचं केवायसी, हयातीचा दाखला, वीजबिल, हे त्याचं. त्यात उपकार कुणाचेच नाहीत. साठीच्या बापाला वाटतं पोरगं कामाला येतंय, आणि पोराला वाटतं आपण नुसते खात नाही.

दोघांच्या बसायच्या जागा आणि वेळा वेगळ्या करा. लहान घर असेल तर मुलानं सकाळचे चार तास अभ्यासिकेत काढावेत आणि वडिलांनी संध्याकाळी तासभर बाहेर पडावं. कट्टा, भजन, वाचनालय, काहीही. आईला तर घरातून बाहेर पडायचं कारणच उरत नाही. तिच्यासाठी आठवड्यातला एक वेळ राखून ठेवा, आणि त्या वेळी स्वयंपाक दुसऱ्यानं करायचा.

आई-वडिलांत एक वाक्य फार विष पेरतं: "तूच लाडावून ठेवलंस." दुसरं त्याचंच जुळं: "तुम्ही कधी प्रेमानं बोललात का त्याच्याशी?" पोराचा विषय नवरा-बायकोत निघाला तर फक्त पुढचं बोला. मागचं उकरायला बसलात तर वीस वर्षं मागे जाता येतं आणि हाती काही लागत नाही.

डॉक्टरकडे कधी, कुठं, कसं

दोन आठवड्यांची कसोटी लागू पडली, बीपी-शुगर हाताबाहेर गेली, दारू वाढली किंवा माणूस घराबाहेर पडेनासा झाला, की थांबू नका. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ यांच्या कमी-जास्तीनंही उदासी आणि थकवा येतो, ते तपासून घ्यावं. मग मानसोपचार. सिव्हिलमध्ये, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, चालू गोळ्यांची पाकिटं आणि तो आठवड्याचा कागद सोबत न्या. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलली जात असेल तर मनातलं त्याच भाषेत सांगू द्या, सोबतच्यानं मराठीत सांगावं. सोबत बेकार मुलगाच असेल तर डॉक्टरांना विनंती करा की थोडा वेळ आईशी किंवा वडिलांशी एकट्याशी बोला. पोरासमोर बाप कधीच खरं बोलणार नाही.

"वेड्याचा डॉक्टर" या शब्दानं पुष्कळ जण अडतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं तुमची माहिती गोपनीय ठेवण्याचं बंधन घातलंय, आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांसारखाच मानसिक आजारही विम्यात धरावा असंही त्यात आहे.

उदासीवरच्या गोळ्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासात लागू पडत नाहीत. फरक जाणवायला दोन ते सहा आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली म्हणून किंवा महिन्याभरात बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. आणि झोपेची गोळी मेडिकलमधून मागून घ्यायची सवय असेल तर आजच मोडा. सवय लागते, आणि उतारवयात रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं. सवय जुनी असेल तर एकदम न थांबवता डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी करा.

जाणं जमत नसेल तर टेलिमानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६. फोन मोफत आहे, दिवस-रात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइनचा १४५६७ हाही आहे.

धोक्याची खूण वेगळी लिहिते. "मी नसतो तर बरं झालं असतं", "तुमच्यावरचं ओझं उतरेल", अचानक कागदपत्रं आवरणं, सगळ्यांना फोन करून निरोप घेतल्यासारखं बोलणं, यांतलं काही दिसलं तर सरळ विचारा: "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवा विचार घुसत नाही, उलट दडपण उतरतं. उत्तर हो आलं, किंवा टाळाटाळ झाली, तर माणसाला एकटं सोडू नका. शेतीची औषधं, घरातला गोळ्यांचा साठा कुलपात किंवा घराबाहेर ठेवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तातडी असेल तर १०८ किंवा ११२. हेच मुलाच्या बाबतीतही, तितक्याच तातडीनं.

आणि नोकरी लागली तर

ज्या दिवशी नोकरी लागते त्या दिवशी पेढे वाटले जातात आणि आईच्या गोळ्या बंद होतात. तेवढं करू नका. दोन-तीन वर्षांची जाग, वाढलेला बीपी, तुटलेली भिशी हे ऑफर लेटरनं लगेच भरून येत नाही. डॉक्टर सांगतील तोवर औषध चालू राहू द्या. मुलगा पुण्याला जाईल, घर एकदम रिकामं वाटेल, आणि काही बापांना तेव्हा पहिल्यांदा खरं रडू येतं, इतके दिवस दाबलेलं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण ते महिनाभर राहिलं तर पुन्हा दाखवून या. पहिल्या पगारातून आईला साडी येईल, ती येऊ द्या. दुसऱ्या पगारापासून वहीचं ते पान परत उघडा आणि मोडलेली ठेव दरमहा किती भरायची ते पोराबरोबर बसून लिहा.